जुनं डिझेल लोको बंद अवस्थेत रुळांवरून ओढून न्यायचं आहे: मोटरी, ब्रेक, बेअरिंगं यांचं काय करायचं?

निळाकंदील
जतनासाठी घेतलेलं एक डिझेल-इलेक्ट्रिक लोको दुसऱ्या यार्डात न्यायचं आहे. माहिती अशी: १९६० च्या दशकातली बांधणी, सहा ॲक्सल, वजन सुमारे ११० टन. सहाही ट्रॅक्शन मोटरी (चाकं फिरवणाऱ्या) जागेवर आहेत, नोज-सस्पेंडेड पद्धतीच्या, म्हणजे एक बाजू ॲक्सलवर टेकलेल्या. ॲक्सल बॉक्सला रोलर बेअरिंग, मोटरच्या सस्पेन्शनला व्हाइट मेटलचं साधं बेअरिंग. हवेच्या ब्रेकचं उपकरण २६-एल. गिअर रेशो ६२:१५, चाक १०१६ मिमी. बारा वर्षं एकाच जागी उभं आहे. डिझेल इंजिन सुरू करायचा प्रश्नच नाही. अंतर १८० किमी, वाटेत १०० ला १ चा सलग उतार आहे.

मोटरी काढाव्या लागतील का? नुसतं रिव्हर्सर (चालीची दिशा बदलणारा स्विच) न्यूट्रलला ठेवून चालेल का? आणि ब्रेक जोडायचा की फक्त पाइप पुढे न्यायचा? जाणकारांनी सविस्तर लिहावं. (गोंधळ नको म्हणून अख्ख्या गाडीला 'लोको' म्हणूया आणि 'इंजिन' म्हणजे आतलं डिझेल इंजिन.)

गिअरकेस
आधी मोटरींचं बोलतो, कारण जास्त नुकसान तिथेच होतं.

वॅगनच्या चाकाला काहीच जोडलेलं नसतं. तुमच्या प्रत्येक ॲक्सलवर मोठा गिअर दाबून बसवलेला आहे आणि मोटरचं पिनियन (छोटा गिअर) त्यात कायम अडकलेलं आहे. मध्ये क्लच नाही. चाक फिरलं की आर्मेचर (मोटरचा आतला फिरणारा भाग) फिरणारच, लोको जिवंत असो वा नसो. किती फिरेल ते मोजा: १०१६ मिमी चाकाचा परीघ ३.१९ मीटर. ४० किमी/तासाला चाक मिनिटाला २०९ फेरे घेतं. ६२:१५ म्हणजे ४.१३ पट, म्हणजे आर्मेचर ८६३ आरपीएमवर. यार्डातलं शंटिंग लोको ६५:१२ चं असेल तर त्याच वेगाला ११३१. भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ डिझेल लोकोला ६५:१८ आणि १०९२ मिमी चाक, तिथे ७०० च्या आसपास.

६२:१५ ची मोटर साधारण १०५ किमी/तासापर्यंतच्या वेगासाठी असते, तेव्हा ८६३ हा आकडा स्वतःहून भीतीचा नाही. पण तो बारा वर्षं न हललेल्या आर्मेचर बेअरिंगवर येणार आहे. ग्रीस कडक झालेलं असतं, तळाच्या रोलरखाली गंजाचा पट्टा असतो, ब्रश (वीज पोचवणारे कार्बनचे ठोकळे) कम्युटेटरला (आर्मेचरच्या टोकाच्या तांब्याच्या कड्याला) हिरव्या थराने चिकटलेले असतात. त्यामुळे क्रम असा ठेवा:

प्रत्येक मोटरचं तपासणी झाकण उघडा. उंदरांची घरटी, पाणी, सुटलेला बँडिंगचा तुकडा बघा. मग सगळे ब्रश होल्डरमधून बाहेर काढा. नुसते वर उचलून स्प्रिंगखाली अडकवू नका, धक्क्याने परत खाली येतात. मोजून पिशवीत भरा, पिशवीवर मोटर क्रमांक लिहा. ब्रश तिथेच ठेवायचे असतील तर त्यांच्या तांब्याच्या वेण्या होल्डरच्या बाहेरच्या बाजूला बांधून टेप करा. वेणीचं सुटं टोक कम्युटेटरच्या रायझरला लागलं तर पहिल्या काही फेऱ्यांत तुटून आत जातं आणि वाइंडिंग फाडतं.

ब्रश काढल्यावर कम्युटेटरवर ब्रशखालच्या जागा बघा. तिथे काळे-हिरवे चौकोन असतील. आत्ता घासून काढायची गरज नाही, ब्रशच नसल्यामुळे त्या कशाला अडणार नाहीत.

मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) इन्सुलेशन मोजायचा मोह होतो. ओढण्यासाठी त्याचा काही उपयोग नाही. वीज नाही, ब्रश नाहीत, फक्त यांत्रिक फिरणं आहे.

निळाकंदील
> नुसतं रिव्हर्सर न्यूट्रलला ठेवून

ब्रश काढायला सहा मोटरींना मिळून दोन दिवस तरी जातील. रिव्हर्सर मध्यावर ठेवलं, बॅटरी स्विच उघडला, मोटर कटआउट केल्या, तर सर्किट तुटलंच ना? मग ब्रश का काढायचे?

गिअरकेस
सर्किट खरोखर तुटलेलं असेल तर तुमचं म्हणणं बरोबर. प्रश्न 'खरोखर'चा आहे. जुन्या लोकोत कॅबमधली रिव्हर्सरची मूठ मध्यावर असते आणि विजेच्या कपाटातला रिव्हर्सरचा ड्रम शेवटी जिकडे फिरला होता तिकडेच राहिलेला असतो. तो हवेने किंवा मोटरने फिरतो; दोन्ही नाहीत, म्हणून मूठ हलवून तो हलत नाही. पॉवर काँटॅक्टर (मोटरला वीज जोडणारा मोठा स्विच) वेल्ड होऊन जोडलेलाच राहिलेला असू शकतो.

त्यातून काय होतं ते नीट समजून घ्या. सिरीज मोटरच्या फील्डमध्ये थोडं चुंबकत्व कायम उरलेलं असतं. आर्मेचर फिरलं की त्यावर काही व्होल्ट तयार होतात. सर्किट बंद असेल आणि रिव्हर्सर चालीच्या दिशेशी जुळत असेल, तर निर्माण होणारा प्रवाह उरलेलं चुंबकत्व मारतो आणि सगळं शांत होतं. रिव्हर्सर उलट असेल तर तोच प्रवाह चुंबकत्व वाढवतो, त्याने व्होल्टेज वाढतं, त्याने प्रवाह वाढतो. काही सेकंदांत मोटर जनरेटर बनून स्वतःच्या शॉर्टमध्ये शेकडो अँपिअर ढकलते. कम्युटेटरवर फ्लॅशओव्हर (ठिणगीचा लोळ), आणि ॲक्सलला जबर ब्रेक. चाक घसरतं, सपाट होतं. म्हणजे लोकोचं कुठलं तोंड पुढे आहे यावरही धोका अवलंबून आहे, आणि वाटेत दिशा बदलली की आधी सुरक्षित असलेली मांडणी उलटी होते.

म्हणून ६–७ किमीच्या हालचालीला ड्रम हाताने मध्यावर आणून, लाकडी गुटका लावून, प्रत्येक काँटॅक्टरची टोकं डोळ्यांनी उघडी बघून चालतं. १८० किमीला ब्रश काढा. दोन दिवस सत्कारणी लागतील.

हवादाब
आता ब्रेक. २६-एल ला डेड लोकोसाठी, म्हणजे बंद अवस्थेत ओढल्या जाणाऱ्या लोकोसाठी, वेगळी सोयच आहे, ती वापरायची. (उपकरणाच्या नावांतल्या 'डेड-इंजिन'चा अर्थही डेड लोको असाच.) मांडणी:

इंडिपेंडंट ब्रेकची (फक्त लोकोच्या ब्रेकची) मूठ रिलीजला. ऑटोमॅटिक ब्रेकची (अख्ख्या गाडीच्या ब्रेकची) मूठ हँडल-ऑफला, निघत असेल तर काढून घ्या. ब्रेक व्हॉल्वचा कट-ऑफ 'आउट'. एमयू-२ए व्हॉल्व (एकापेक्षा जास्त लोको जोडताना वापरायचा) 'लीड ऑर डेड'ला. दोन्ही कॅब असतील तर दोन्हीकडे. मग मुख्य रिझर्व्हॉयर (हवेच्या टाक्या) पूर्ण रिकामे करा, आणि शेवटी डेड-इंजिन कॉक उघडा. पुढच्या लोकोला फक्त ब्रेक पाइप जोडा. मेन रिझर्व्हॉयर आणि ॲक्च्युएटिंगच्या होज जोडायच्या नाहीत, त्यांचे टोकाचे कॉक बंद.

डेड-इंजिन कॉक उघडला की ब्रेक पाइपमधली हवा चोकमधून (बारीक छिद्रातून) आणि चेक व्हॉल्वमधून (एकदिशा झडपेतून) तुमच्या रिझर्व्हॉयरमध्ये शिरते. तिथला रेग्युलेटर ती २५ पीएसआयला, म्हणजे सुमारे १७० किलोपास्कलला थांबवतो. ब्रेक लागला की सिलिंडरला त्याहून जास्त मिळतच नाही. हे मुद्दाम आहे. जिवंत लोकोत ड्रायव्हर स्वतःच्या लोकोचा ब्रेक सोडून गाडीचा ठेवू शकतो, डेड लोकोत ते करायला कोणी नसतं. पूर्ण दाब मिळाला तर चाकं अडकतात.

रिझर्व्हॉयर आधी रिकामे करण्यावर जोर देतो, कारण हीच पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते. रेग्युलेटर ब्रेक पाइप आणि रिझर्व्हॉयरच्या मध्ये आहे. तपासणीसाठी बाहेरच्या कॉम्प्रेसरने रिझर्व्हॉयर १३० पीएसआयला भरले असतील आणि तसेच सोडले, तर रेग्युलेटरच्या पलीकडे आधीच भरपूर हवा आहे. पहिल्या ब्रेकला सिलिंडरमध्ये पूर्ण दाब जाईल.

भरायला वेळ लागेल. चोक बारीक आहे, रिझर्व्हॉयर शेकडो लिटरचे. पुढच्या लोकोच्या गेजवर पाइपचा दाब आला म्हणून निघू नका. डेड लोकोच्या कॅबमधलं मुख्य रिझर्व्हॉयरचं गेज वर चढून थांबेपर्यंत थांबा. त्याआधी ब्रेक लावलात तर तुमच्या लोकोला ब्रेक नाही.

२६-एल पेक्षा जुनी उपकरणं असलेल्यांनी ही यादी जशीच्या तशी वापरू नये. त्यांत व्हॉल्वांची नावं आणि जागा वेगळ्या आहेत, त्या उपकरणाच्या पुस्तकातली डेड-इंजिनची मांडणी बघा.

उतारावरचा
हवादाब यांची मांडणी बरोबर, पण बारा वर्षांच्या रबरावर ती उभी आहे. कंट्रोल व्हॉल्वमधले डायफ्रॅम आणि ओ-रिंग कडक झालेले असतात. लावलेला ब्रेक सुटतच नाही, किंवा वाटेत आपोआप लागतो. १८० किमीत एक बोगी ब्रेक घासत गेली तर ब्लॉक जळतात, चाकाच्या रिमला तडे जातात, टायर असलेलं चाक असेल तर टायर तापून सैल होतो. माझं मत: कंट्रोल व्हॉल्व उघडून दुरुस्त केलेला नसेल तर ब्रेक कटआउट करा, सिलिंडर रिकामे करा आणि लोको फक्त पाइप म्हणून चालवा.

हवादाब
मग १०० ला १ च्या उताराचं गणित तुम्हीच मांडा.

उतारावरचा
मांडतो. त्यासाठीच हे नाव घेतलं आहे.

समजा ओढणारं लोकोही ११० टनांचं आणि एकटं असताना सपाटीवर ०.६ मी/से² ने थांबतं. ४० किमी/तासावरून १०३ मीटर. मागे ११० टन बिनब्रेकचं लावलं की वस्तुमान दुप्पट, ब्रेक तेवढेच: ०.३, म्हणजे २०६ मीटर. १०० ला १ उतारावर गुरुत्व ०.०९८ परत घेतं. उरले ०.२०२, म्हणजे ३०६ मीटर. तिप्पट. ही थांबता येणारी गोष्ट आहे, पण ड्रायव्हरला आधी माहीत हवी.

खरा धोका कपलिंग तुटण्याचा. बिनब्रेकचं लोको १०० ला १ वर सुटलं तर घर्षण वजा करूनही २ किमीत ६० किमी/तासाच्या पुढे जातं. त्यामुळे 'फक्त पाइप' याचा अर्थ 'शेवटी लटकवा' असा कधीच नाही. डेड लोकोच्या मागे चालू ब्रेकची किमान एक, शक्य तर दोन वाहनं हवीत, आणि ब्रेक पाइप डेड लोकोमधून त्यांच्यापर्यंत अखंड हवा. कपलिंग तुटलं की पाइप तुटतो आणि मागची वाहनं स्वतः ब्रेक धरून डेड लोकोला अडवतात. या वाहनांमुळे वरचा ३०६ चा आकडाही खाली येतो.

हवादाब
यावर सहमत. म्हणजे ठरवायचं असं: कंट्रोल व्हॉल्व आणि रिले व्हॉल्व दुरुस्त करून घेता येत असतील तर डेड-इंजिन मांडणी, नाहीतर कटआउट आणि मागे ब्रेकची वाहनं. मागची वाहनं दोन्हीत ठेवा, कारण डेड लोकोचा ब्रेक २५ पीएसआयचाच आहे.

कोणताही पर्याय घ्या, ब्रेक पाइप मात्र तपासायचाच. टोकाचे कॉक उघडून पाइप बाहेरच्या हवेने फुंका. बारा वर्षांचा गंज आणि कुंभारमाशीची माती बाहेर येते. ती पुढच्या वाहनाच्या व्हॉल्वमध्ये गेली तर ते वाहनही जाईल. दोन्ही टोकांच्या होज नव्या लावा, जुन्या वाकवून तडे बघत बसू नका. मग पाइप भरा, पुरवठा बंद करा आणि मिनिटाला किती उतरतो ते बघा. अमेरिकेतल्या एफआरएच्या (तिथल्या सरकारी रेल्वे नियामकाच्या) गाडी-चाचणीत गळतीची मर्यादा मिनिटाला ५ पीएसआय आहे. एकट्या लोकोच्या पाइपला त्याच्या जवळपास गळती असेल तर सांधे साबणाच्या फेसाने शोधा.

चाकमोजणी
चाकं कोणीच बोललं नाही अजून.

फ्लँजची जाडी आणि उंची गेजने, चाकाच्या तीन-तीन ठिकाणी. दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर: स्टँडर्ड गेजला १३६० मिमीच्या आसपास, १६७६ मिमीच्या ब्रॉड गेजला १६००. हेही तीन ठिकाणी, कारण वाकलेला ॲक्सल इथेच सापडतो. सपाट डाग: एफआरएच्या नियमात लोकोच्या चाकावर एक सपाट डाग २½ इंच, म्हणजे ६३ मिमीपर्यंत, किंवा शेजारी शेजारी दोन असतील तर प्रत्येकी २ इंच. तुमच्या मार्गाचा नियम यापेक्षा कडक असेल तर तो धरा.

अखंड चाक की टायर बसवलेलं, ते बघा. टायर असेल तर टायर आणि आतला चाकगाभा यांच्या सांध्यावर पांढऱ्या रंगाची एक आडवी रेघ ओढा, चार ठिकाणी. प्रत्येक थांब्यावर ही रेघ तुटली का ते टॉर्चने बघायचं. रेघेचे दोन तुकडे एकमेकांसमोरून दोन मिलिमीटर जरी सरकले असतील तरी टायर फिरला आहे, तिथून पुढे न्यायचं नाही. निघण्याआधी हातोडीने ठोकून बघा: घट्ट टायर घणघणतो, सैल टायर बद्द वाजतो. सांध्यातून तांबूस गंजाची पूड बाहेर आलेली दिसली तर ठोकायच्याही आधी संशय घ्या.

बोगीचं केंद्र कोरडं असणं ही दुसरी गोष्ट. बारा वर्षं सरळ रुळावर उभं लोको वळणावर गेलं की बोगी फिरायला नकार देते, आणि पुढच्या ॲक्सलचं बाहेरचं चाक रुळावर चढू पाहतं. तीन ॲक्सलच्या बोगीत हे जास्त. सेंटर बेअरिंगला तेल भरायची नळी असेल तर ती आधी तारेने मोकळी करा, मग तेल. साइड बेअरर पुसून वंगण लावा. यार्डातल्या सगळ्यात तीव्र वळणावरून चालण्याच्या वेगाने नेऊन बघा. फ्लँज सतत कर्कश वाजत असेल आणि वळण संपल्यावरही बोगी तिरकी राहत असेल, तर तयारी अपुरी आहे.

निळाकंदील
खूप उपयोगी. सस्पेन्शन बेअरिंगचं कोणी सांगेल का? आणि पिनियनच काढून टाकलं तर मोटरींची सगळीच काळजी संपेल, असं एकाने सुचवलं आहे.

गिअरकेस
संपणार नाही, आणि हा गैरसमज महागात पडतो. पिनियन काढलं की आर्मेचर थांबतं. पण मोटरचं निम्मं वजन ॲक्सलवरच टेकलेलं असतं, सस्पेन्शन बेअरिंगमधून. ॲक्सल त्या व्हाइट मेटलच्या आत फिरतोच, पिनियन असो वा नसो. त्या बेअरिंगला तेल नसेल तर पिनियन काढण्याचा सगळा खटाटोप करूनही ॲक्सल तापणार.

शिवाय पिनियन निमुळत्या शाफ्टवर गरम करून बसवलेलं असतं. ते काढायला हायड्रॉलिक पुलर लागतो, गिअर केस उतरवावी लागते, आणि बऱ्याच बोगींत मोटर खाली उतरवल्याशिवाय पुलर लावायला जागाच नसते. गॅसने कापायचा सल्ला देणारे भेटतील. शाफ्टला एक ओरखडा गेला तरी जतनासाठी घेतलेली मोटर गेली. पिनियन काढणं हे आर्मेचर बेअरिंग खराब असलेल्या मोटरपुरतं ठेवा.

सस्पेन्शन बेअरिंग असं बघा. प्रत्येक मोटरला दोन, म्हणजे तुमच्या लोकोला बारा. खाली तेलाचा कप्पा आहे, त्यातून लोकरीची किंवा नमद्याची वात स्प्रिंगने ॲक्सलला टेकते. कप्प्याचा ड्रेन प्लग सावकाश सैल करा आणि खाली पांढरा डबा धरा. आधी स्वच्छ पाणी येतं, कारण ते जड आणि तळाशी. मग दुधाळ मिश्रण, मग काळं तेल. पाणी किती आलं ते लिहून ठेवा. कपभर आलं असेल तर त्या पातळीपर्यंत वात बारा वर्षं पाण्यात होती आणि समोरच्या ॲक्सलवर गंजाचा पट्टा असणार.

वात बाहेर काढा. ॲक्सलला टेकणारा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत आणि कडक झालेला असेल तर ती तेल ओढत नाही. कप्पा काठोकाठ भरलेला असला तरी बेअरिंग कोरडं राहतं, आणि झाकण उघडून तेल बघणाऱ्याला सगळं ठीक वाटतं. नवी वात कोमट ॲक्सल ऑइलमध्ये रात्रभर बुडवून मग बसवा. वात काढलेली असतानाच खिडकीतून ॲक्सल बघा, बोट फिरवा. बारीक गंज पॉलिश पेपरने तेलात घासून जातो. खड्डे नखाला लागत असतील तर मोटर उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

व्हाइट मेटल २४० अंशांच्या आसपास वितळायला लागतं, पण त्याच्या बरंच आधी मऊ होऊन वातीवर पसरतं. मग तेल पूर्ण बंद होतं आणि पुढचे काही किलोमीटर पोलादावर पोलाद.

गिअर केसमध्ये कंपाउंड (घट्ट वंगण) आहे का, बोल्ट घट्ट आहेत का, तळ फुटलेला नाही ना, हेही बघा. सुटलेली गिअर केस पॉइंटवर (रूळ बदलायच्या सांध्यावर) अडकली तर लोको रुळावरून उतरेल.

शंटिंगपोल
डिझेल-हायड्रॉलिक आणि रॉड असलेल्या लहान शंटरवाल्यांनी वरचं वाचून ब्रश शोधत बसू नये, तुमचा प्रश्न वेगळा आहे.

गिअरबॉक्सचा तेलपंप बहुतेक वेळा इंजिनच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद म्हणजे पंप बंद, पण चाकांकडून आउटपुट शाफ्ट फिरतोय, वरची बेअरिंगं कोरडी. काही ट्रान्समिशनना आउटपुटकडून चालणारा दुसरा पंप असतो. तुमच्याला आहे का ते मॅन्युअलमध्ये बघा, अंदाज करू नका. रिव्हर्सिंग गिअरला यांत्रिक मध्यस्थिती असेल तर तिथे आणून पिन घालून कुलूपबंद करा. धक्क्याने दात अर्धवट अडकले तर दात तुटतात. सगळ्यात भरवशाचं म्हणजे गिअरबॉक्सपासून बोगीकडे जाणारे कार्डन शाफ्ट (सांध्यांचे फिरते दांडे) काढून घेणं. बोल्ट नवे लावायचे असतील म्हणून जुने फेकू नका, लांबी मोजायला लागतात. एका टोकाने सोडलेला शाफ्ट दोरीने बांधून नेऊ नका, पूर्ण उतरवा.

जॅकशाफ्ट (गिअरबॉक्समधून रॉडना फिरवणारा आडवा दांडा) आणि साइड रॉड (चाकं एकमेकांना जोडणारे) असलेल्यांत जॅकशाफ्टचा रॉड दोन्ही बाजूंचा काढा. एकाच बाजूचा कधीच नाही: दोन बाजू ९० अंशांनी वेगळ्या असतात म्हणूनच एक बाजू मृतबिंदूवर असताना दुसरी ओढते. एक बाजू काढली की उरलेला रॉड मृतबिंदूवर अडकून वाकू शकतो. सगळेच रॉड काढले तर चाकातली संतुलनाची वजनं तशीच राहतात आणि प्रत्येक फेऱ्याला रुळावर ठोका बसतो. म्हणून वेग लोकोच्या मूळ कमाल वेगाच्याही खाली. २५–३० किमी/तासासाठी बांधलेलं शंटर ४० ने ओढायचं नाही, मागे गाडी कितीही खोळंबली तरी.

चाकमोजणी
निघण्याआधीची एक चाचणी सगळ्या कागदपत्रांपेक्षा जास्त सांगते. प्रत्येक चाकाच्या बाहेरच्या बाजूला आऱ्यासारखी एक खडूची सरळ रेघ ओढा, सगळ्या रेघा वर बारा वाजता. लोको चालण्याच्या वेगाने चार चाकफेरे, म्हणजे १३ मीटरभर, ओढा. दोन्ही बाजूंना एकेक माणूस. थांबल्यावर सगळ्या रेघा साधारण एकाच जागी असायला हव्यात. चाकांच्या व्यासात फरक असेल तर रेघा थोड्या मागेपुढे होतील, ते चालतं. एक रेघ बारावरच उभी आणि खाली रुळावर चकचकीत ओरखडा, म्हणजे ते चाक फिरलंच नाही, घसरलं. मोटर अडकली आहे किंवा ब्रेक.

हँडब्रेक सुटला हे चाक फिरवून ठरवू नका. खाली वाकून साखळी सैल लोंबते का आणि ब्लॉक चाकापासून सुटलाय का, ते हाताने हलवून बघा. हँडब्रेक बहुतेक लोकोंत सगळ्या चाकांवर नसतो, एकाच बोगीवर किंवा त्यातल्या एक-दोन सिलिंडरांच्या जोडणीवर असतो. बाकी सगळी चाकं मोकळी फिरत असताना तेवढीच दोन घासत जातात आणि पुढच्या ड्रायव्हरला ओढताना काही जाणवत नाही. चाकाखालच्या पाचरी मोजून लावलेल्या असतील तर मोजून काढा.

उतारावरचा
जोडणीबद्दल. नकल कपलर असेल तर रुळापासून मध्यरेषेची उंची मोजा: अमेरिकन मापात ३१½ ते ३४½ इंच, म्हणजे ८०० ते ८७६ मिमी. बसलेल्या स्प्रिंगांमुळे जुनं लोको खाली आलेलं असतं. दोन कपलर उंचीत फार वेगळे असतील तर खडबडीत रुळावर एक दुसऱ्यातून वर निसटतो. नकल पिन, तिची स्प्लिट पिन, आणि लॉक पूर्ण खाली पडलाय का ते बघा. जोडल्यावर ओढून बघायचं, नुसता आवाज ऐकून नाही.

स्क्रू कपलिंग असेल तर यूआयसीच्या (आंतरराष्ट्रीय रेल्वे संघटनेच्या) साध्या कपलिंगची तुटण्याची ताकद ८५० किलोन्यूटन, हुकाची १०००. १०० ला १ वर ११० टन ओढायला गुरुत्वाचे ११ किलोन्यूटन आणि थोडं घर्षण लागतं. म्हणजे सावकाश ओढताना कपलिंग तुटत नाही, ते तुटतं झटक्याने. बफर एकमेकांना टेकतील इतकं कसा.

जागा: ओढणाऱ्या लोकोच्या लगेच मागे डेड लोको, त्यामागे ब्रेकची वाहनं. वाटेत हलका पूल असेल तर दोन जड लोको लागोपाठ चालत नाहीत, मध्ये रिकामी वॅगन घालावी लागते. हे मार्गाच्या अभियंत्याकडून लेखी घ्या, ॲक्सल लोडसकट. सहा ॲक्सलवर ११० टन म्हणजे ॲक्सलला १८.३ टन.

गिअरकेस
वेग आणि थांबे. पहिले ३ किमी १५ किमी/तासाने आणि थांबा. मग ३० ने आणखी १० किमी आणि थांबा. सगळं ठीक असेल तर ४०, आणि दर ३०–४० किमीला तपासणी. १८० किमीला पूर्ण दिवस धरा.

थांब्यावर इन्फ्रारेड थर्मामीटरने बारा ॲक्सल बॉक्स, बारा सस्पेन्शन बेअरिंगं, सहा मोटरींची पिनियनकडची आणि कम्युटेटरकडची टोकं. कोरा तक्ता छापून न्या. एकच आकडा बघून निर्णय घेऊ नका, तुलना करा. सगळे बॉक्स ३८–४२ अंश सेल्सिअस आणि एक ५५, तर तो ५५ वाला आजारी आहे, जरी ५५ स्वतः घातक नसला तरी. पुढच्या थांब्यावर तो आणखी चढला तर तिथेच थांबा. उन्हाकडची बाजू थोडी जास्त दाखवते, म्हणून त्याच बाजूच्या बॉक्सांशी तुलना. चकचकीत धातूवर थर्मामीटर कमी दाखवतो, मोजायच्या जागी काळ्या रंगाचा ठिपका आधीच लावून ठेवा.

निळाकंदील
शेवटचा प्रश्न: इंजिनचं काय? पाणी-तेल काढलेलं आहे.

शंटिंगपोल
पाणी काढलंय ते चांगलं. एक्झॉस्टच्या तोंडावर पत्र्याचं झाकण घट्ट बसवा, नुसती ताडपत्री वाऱ्याने फाटते. दोन कारणं. पाऊस आत गेला तर सिलिंडरमध्ये साचतो. आणि मोकळा फिरणारा टर्बो असेल तर धावताना आत शिरणाऱ्या हवेने तो फिरतो. तेलाचा दाब शून्य, बेअरिंग खराब. एअर इनटेकही झाका.

रेडिएटरची पाती, बाजूची दारं, छतावरची झाकणं तारेने बांधा, जुन्या कड्यांवर भरवसा नको. बॅटरीच्या दोन्ही केबल काढून टोकं टेप करा. स्पीडोमीटरची ॲक्सलवरून येणारी केबल सोडा. वाळूच्या नळ्या वाकून रुळाला लागत नाहीत ना ते बघा. पुढची जाळी रुळापासून ३ ते ६ इंच असावी, बसलेल्या स्प्रिंगांमुळे ती ३ च्या खाली गेलेली सापडते.

पोचल्यावर हँडब्रेक लावा, पाचरी लावा, मगच ब्रेक पाइप सोडा. डेड-इंजिन कॉक बंद करा आणि रिझर्व्हॉयर रिकामे. कॅबमध्ये नियंत्रण मुठीला पाटी बांधा: ब्रश काढलेले, संख्या अमुक, एक्झॉस्टला झाकण आहे, इंजिनात पाणी-तेल नाही. वर्षभराने तिथे स्टार्टरला हात लावणारा माणूस वेगळा असेल. त्याने आधी सिलिंडरचे टेस्ट कॉक उघडून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवायचं आहे, हेही त्याच पाटीवर लिहा.